टिटवी पायी चालली

आत्याबाई, तुमच्या दहाव्याला कावळ्यानं माझा घात केला.

सासूच्या दहाव्याचं बोलणं सून असं सुरू करते का, असं तुम्ही विचाराल. विचारा. हिच्या जिभेला हाड नाही, हे तुम्हीच अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. आता तुम्ही गेलात म्हणून माझ्या जिभेला हाड फुटणार नाही.

नदीकाठी पिंड मांडले, गुरुजींनी सांगायचं ते सांगितलं आणि सगळे हात जोडून मागं सरकायला लागले. मी मनात वाक्य पाठ करून ठेवलं होतं. कावळा शिवायला उशीर लागला की आपली माणसं काय करतात, ते मी लहानपणापासून बघितलंय. एकेकजण पुढं होतो आणि मेलेल्या माणसाला शब्द देतो. नातवाचं लग्न थाटात करू, धाकट्याला अंतर देणार नाही, गोठा मोडणार नाही. आणि असा दिलेला शब्द सहसा कुणी मोडत नाही, कारण सगळं गाव ऐकत असतं. मी ठरवलं होतं, थोरले भाऊजी सांगून सांगून थकले, आमचे हे थकले, की आपण पुढं व्हायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "आत्याबाई, शोभाताईंना माहेरी आणू." बघू मग पोटची पोरं कावळ्यासमोर नाही कशी म्हणतात ते.

पण तुमची घाई! गुरुजी पुरते मागं झालेही नव्हते, तोच बाभळीवरून कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी दोघं आले. लोक म्हणाले, बाई पुण्यवान.

भाऊजींनी डोळे पुसले. "आई सुटली," म्हणाले. "मागं काईसुदिक ठिवलं न्हाई तिनं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि मी त्या कावळ्याकडं बघत राहिले. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. तुमची खरंच काही इच्छा राहिली नव्हती? तुमच्या लेकीला, शोभाताईंना बघायचीसुद्धा नाही? की आमच्या या कोरड्या मुलखातला कावळाच एवढा भुकेला, की त्याला कुणाच्या मनाशी काही देणंघेणं नाही? मी दुसरं खरं धरून चाललेय. पहिलं खरं असेल तर मला तुमच्याशी काहीएक बोलायचं नाही.

आणि तुमच्याशी न बोलणं मला कधी जमलं नाही. आपलं बोलणं म्हणजे तरी काय, गोष्टींवरून भांडण. दिवेलागणीला तुम्ही चुलीपुढं बसायचात, पोरं तुमच्याभोवती, मी भाकरी थापायला. गोष्ट दिवसा सांगायची नाही, मामा वाट चुकतो, हा तुमचा कायदा. मी अंगणवाडीत भर अकरा वाजता पोरांना गोष्ट सांगते हे कळलं तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अगं बया, गावातल्या समद्या पोरांचं मामा रानोमाळ फिरतील की!" आणि वर मला विचारलंत, "कंची सांगितलीस?" मी म्हटलं, तुमचीच, चोराची. त्या दिवशी कालवणात माझ्या ताटात बटाटे जास्त आले.

ती चोराची गोष्ट तुमच्याइतकी कुणाला सांगता आली नाही. म्हातारा-म्हातारीच्या घरात एकच भाकरी. म्हातारा म्हणतो, मी पाटलाकडं जेवून आलोय, तू खा. म्हातारी म्हणते, मी शेजारणीकडं जेवले, तुम्ही खा. ताट इकडून तिकडं, तिकडून इकडं. आणि माळ्यावर दडून बसलेला चोर, दोन दिवसांचा उपाशी, त्याला काही ते बघवेना. तो वरून ओरडतो, "अवो खावा की कुनीतरी! गार व्हायली ना!" हे वाक्य तुम्ही असं काही ओरडायचात की गोठ्यातलं वासरू उठून उभं राहायचं. मग म्हातारी वर बघते आणि चोर आहे म्हणून बोंब मारत नाही. ती म्हणते, "खाली उतर लेकरा, पडशील." भाकरीचे तीन तुकडे होतात. पोरं हसून लोळायची. मी तवा उतरवता उतरवता थांबायचे, दर वेळी तिथंच, "पडशील" या शब्दाला.

आणि राक्षसिणीची. सावत्र आईनं मुलीला विस्तव आणायला रानात धाडलं, तिथं राक्षसीण, डोक्यात काटेच काटे रुतलेले. मुलगी एकेक काटा काढत बसते. राक्षसिणीला जन्मात कुणी हात लावलेला नसतो, तिला झोप लागते. आता पळायचं ना? पण ऊन सरकत सरकत राक्षसिणीच्या तोंडावर येतं आणि मुलगी आपला पदर धरून बसते. जागी झाल्यावर राक्षसीण विचारते, का गं पळाली न्हाईस? मुलगी म्हणते, "तुमच्या तोंडावर ऊन आलं हुतं." संपली गोष्ट. सोनं नाही, मोती नाही, राजवाडा नाही. विस्तव घेऊन ती घरी जाते, बस.

आपलं मोठं भांडण इथलंच. मी म्हणायचे, आत्याबाई, तुमच्या गोष्टीत माया करतं कोण? चोर करतो, राक्षसीण करते, पाखरं करतात. घरातलं एक माणूस दाखवा. सासू छळते, बाप धाडून देतो, भाऊ विसरतात आणि मग कुठून तरी मुंगी येते पाझर फुटायला. असं का? तुम्ही काटकी चुलीत सारत म्हणालात, "घरातल्याला माया लई अवघड अस्ती, मंगल. भाईरच्याचं काय जातंय?"

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही आणि आज तर मुळीच नाही. कारण तुम्हाला ती येत होती. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा आठवतंय? आयाबाया येऊन रडून गेल्या, देवाची मर्जी म्हणून गेल्या. माझी बाज पडवीत टाकली होती आणि पडवीत ऊन सरकत येतं. तुम्ही दिवसभर येऊन ती बाज ओढत होतात. थोडी इकडं, थोडी तिकडं, सावलीबरोबर. मला झोप लागलीय असं तुम्हाला वाटत होतं. मी डोळे मिटून ते बाजेचे पाय फरशीवर ओढल्याचा आवाज ऐकत होते. त्या दिवसासाठी मी तुमच्या सगळ्या टोमण्यांवर पाणी सोडलं. पण म्हणूनच शोभाताईंचं मला जास्त लागतं. तुम्हाला माया करताच आली नसती तर माझं म्हणणंच नव्हतं.

शोभाताई या घरातून गेल्या तो दिवस आपण दोघींनी पुन्हा कधी काढला नाही. आज काढते, तुम्हाला उठून जाता येणार नाही. त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, टेम्पो चालवणाऱ्या पोराशी, जामखेडला. दुसऱ्या दिवशी दोघं पेढे घेऊन अंगणात आले. मामंजी दारात उभे. म्हणाले, आमी तुझ्या नावानं आंघोळ केली, पोरी. ते बाप होते, मानी होते, ते असंच बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. शोभाताईंनीही त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या बघत होत्या तुमच्याकडं. तुम्ही जोत्यावर बसून तूर पाखडत होतात. त्यांनी "आई" म्हणून हाक मारली आणि तुमचं सूप चालूच राहिलं. मान वर नाही, हात थांबला नाही. पेढ्यांचा पुडा त्यांनी तुळशीपाशी ठेवला आणि त्या गेल्या. मी तुमच्या हातातलं सूप घ्यायला आले तेव्हा बघितलं, सुपात एक दाणा नव्हता. कधीचं तुम्ही रिकामं सूप पाखडत होतात.

त्यानंतरच्या पंचमीला तुम्ही नवीनच गोष्ट काढलीत. टिटवीची. शोभाताईंनी ती कधी ऐकलीच नाही, त्या गेल्यावरच ती आली. पंचमीला घराघरांत मुराळी निघतात, भाऊ बहिणींना आणायला जातात. आमच्या घरातून कुणी निघालं नाही. आणि संध्याकाळी तुम्ही पोरांना सांगायला लागलात की एका सासुरवाशिणीला न्यायला कुणीच येत नव्हतं.

तिच्या शेतात औताच्या वाटेवर टिटवीनं अंडी घातलेली. दीर म्हणतो, अंड्यापायी औत वळवू का? ही बैलांपुढं जाऊन उभी राहते. औत वळतं, अंडी वाचतात. पंचमी येते, शेजारणींचे भाऊ येतात, सासू हिला टोचून टोचून विचारते, तुझं कोन मेलंय का आंधळं झालंय? तेव्हा दारात एक मुराळी येतो. डोक्याला फेटा, धोतर, हातात काठी आणि धोतराखाली पाय काड्यांसारखे. सासू म्हणते, हा कसला वाळका भाऊ तुजा? तो म्हणतो, "दुस्काळ हाय बाई आमच्याकडं." पोरं इथं हसायची. तुम्हीही हसायचात.

मग दोघं निघतात. मुलगी बाहेर पडल्यावर ओळखते, ही तर टिटवी. म्हणते, तुला पंख हायेत, तू उडत जा, मी येते चालत. आणि टिटवी म्हणते, "मुराळी कुटं उडत जातो व्हय? तू चालतीस, मी बी चालते." तापलेल्या धोंड्यांवरून, काटवनातून, त्या काड्यांसारख्या पायांनी टिटवी चालते. पंख मिटून. सगळी वाट. आणि तुमचं शेवटचं वाक्य, "चालता चालता माहेरची वेस दिसाय लागली."

तिथं तुम्ही उठायचात, पातेली झाकायला.

मग पुढं काय, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं. म्हणालात, "फुडं काय? वेस दिसली म्हंजी घर आलंच." मी म्हटलं, आलंच कसं? जामखेडची जीप आपल्या वेशीवरूनच जाते. शोभाताई त्यातून खर्ड्याला शिवणाच्या गिऱ्हाइकांकडं जातात येतात, त्यांना वेस दर वेळी दिसते. त्यांचं घर कुठं आलं? पोरं झोपायला गेली होती म्हणून मी एवढं तरी बोलले. मामंजी तेव्हा होते, मी समजू शकत होते. पण मामंजी गेले त्यालाही किती वर्षं लोटली आणि तुम्ही टिटवी चालवतच राहिलात. शेवटी एकदा मी चिडून म्हटलं, गोष्टीत चोराला लेकरा म्हणता, राक्षसिणीवर सावली धरता, मग पोटच्या पोरीला एक निरोप का नाही? तुमची मान खाली होती. "गोष्टीत करता येतं," म्हणालात. "म्हनून तर गोष्ट अस्ती. खऱ्यात आलं असतं तर सांगत कशाला बसले असते?"

आपलं भांडण तिथंच राहिलं. मला वाटत होतं, अजून वेळ आहे. म्हातारी खणखणीत आहे, पुन्हा एका पंचमीला धरू.

तुम्हाला शेवटचं घेऊन निघाले तेव्हा मी बायकांत मागं उभी होते. वेशीपाशी दूध डेअरीच्या आडोशाला एक टेम्पो थांबला होता. कुणी कळवलं नव्हतं, फोनवर कुणाचं तरी स्टेटस बघून शोभाताई आल्या असणार. टेम्पोतून कुणी उतरलं नाही. तुमची तिरडी पुढून गेली तेव्हा काचेच्या आत पदराचं टोक तोंडाकडं गेलेलं मला दिसलं. भाऊजींनीही टेम्पो बघितला. त्यांनी खांदा बदलला आणि ते तसेच चालत राहिले. माणसं परतली तेव्हा टेम्पो नव्हता.

म्हणून मी कावळ्यावर भिस्त ठेवली होती. तीही गेली. मग पंचमी तोंडावर आली आणि आमच्या घरात वर्षाचा दुखवटा. सण नाही, पोळ्या नाहीत. पण लेक माहेरी आणायला दुखवटा कुठं आड येतो? उलट आई गेलेल्या लेकीला तर आणतातच. मी यांना म्हटलं, मी जातेय जामखेडला, मुराळी म्हणून. हे बैलांना पेंड घालत होते. "मुराळी बाई अस्ती व्हय कुठं?" म्हणाले. मी म्हटलं, टिटवी असते तर बाई का नसेल? तुम्हाला जायचं असलं तर तुम्ही जा, मी घरी बसते.

ते गेले नाहीत. तुमचा धाकटा तुमच्यावरच गेलाय. पण सकाळी माझ्याबरोबर वेशीपर्यंत आले. जीप थांबली, मागं दोन माणसांपुरती जागा होती. यांनी त्या जागेकडं बघितलं, मग खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली. आत खण होता आणि नारळ. कधी आणला, कुठून आणला, विचारायच्या आत जीप निघाली. मागच्या काचेतून बघितलं तर ते अजून उभेच होते.

शोभाताईंचं दुकान स्टँडमागच्या बोळात आहे, फॉल-पिकोचं. त्या मशिनवर वाकल्या होत्या, तोंडात टाचण्या. केस पांढरे झालेत, आत्याबाई, आणि वाकण्याची ढब थेट तुमची. मला बघून मशिन थांबलं. खुर्चीवरचा ब्लाऊजांचा ढीग उचलून त्यांनी मला जागा केली.

"कुनी पाठवलं, वैनी?"

"कुनी न्हाई. मी माझी आले. पंचमीला न्यायला."

त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या. "एक इचारू? खरं सांगशील?" मी मान हलवली. "जाताना आईनं माझं नाव घेतलं का?"

घेतलं म्हणायला काय जात होतं? मेलेल्या माणसाच्या तोंडात कुणीही काहीही घालतं, आणि ऐकणाऱ्याचं आयुष्य त्यावर निघतं. माझ्या ओठावर आलंही होतं. पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं आणि इतक्या वर्षांत त्यांना या घराकडून काहीच मिळालेलं नव्हतं. निदान खोटं तरी मिळू नये असं मला वाटलं.

"न्हाई घेतलं, ताई. शेरडांना पानी दावलं का, एवढंच इचारलं."

त्यांनी हळूहळू मान हलवली. "मंग म्या कशापायी येऊ? आई असताना यायचं हुतं मला. आता तितं भिंतीच हायेत."

रिकाम्या सुपाचं सांगावं असं मनात आलं. पण रिकामं सूप नेऊन कुणाच्या पदरात घालायचं? माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, आत्याबाई. मी म्हटलं, "ताई, तुम्ही गेल्यावर आत्याबाई दर पंचमीला एक गोष्ट सांगायच्या. ती तेवढी ऐका. मग मी जाते."

"दिवसाढवळ्या?" त्या म्हणाल्या. "मामा वाट चुकंल." आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं, पण ते नीट हसू नव्हतं. "सांग. माझ्या पोरांचं मामा तर कवाच वाट चुकल्यात."

मी सांगायला लागले. त्या "हं" म्हणत होत्या, लहानपणी तुमच्या गोष्टीला म्हणत असतील तशा. औत वळलं, हं. पंचमी आली, हं. काड्यांसारख्या पायांचा मुराळी आला तेव्हा त्या खरंच हसल्या. "हे आईचंच," म्हणाल्या. टिटवी चालायला लागली तशी त्यांची "हं" बंद झाली. बोळातून कुणी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्यांनी हातानंच नंतर ये म्हणून सांगितलं. आणि मी तुमच्या वाक्यापाशी आले, वेस दिसाय लागली, आणि थांबले.

त्यांनी काय विचारलं असेल? मुलगी घरी पोचली का, नाही. टिटवी परत कशी गेली, नाही.

"आई उठली का जागची?"

तुम्ही असतात तर पातेली झाकायला गेला असतात. मला जायला जागा नव्हती. समोर तुमची लेक, हातात टाचण्या घट्ट धरून, माझ्या तोंडाकडं बघत.

"उठली," मी म्हटलं. "हातातलं सूप टाकून उठली. दाणं अंगनभर झालं, कोंबड्या पडल्या त्यावर, तिनं बघितलंबी न्हाई. पायात काई घातलं न्हाई, पदर घ्यायचं भान न्हाई, बाप्ये बघत्यात का, दारात कोन उभं हाय, कायबी न्हाई. वेशीपतूर पळत आली."

मी ते तुमच्या आवाजात सांगितलं. मला तुमचा आवाज काढता येतो हे मलाही त्या दिवशीच कळलं.

तुमच्या गोष्टीला मी न विचारता शेवट जोडला. त्याचा तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या, मलाही तुमचा राग आलेलाच आहे. गोष्टीत करता येतं म्हणालात ना? मग गोष्टीत तरी का नाही उठलात? एवढ्या पंचम्या वेशीवर पोरीला उभी करून पातेली झाकत राहिलात. तुम्हाला कल्पनेतसुद्धा उठायची भीती वाटत होती का हो? की एकदा गोष्टीत उठलात तर खऱ्यात बसवणार नाही, हे तुम्हाला कळत होतं? हे मला विचारायचं होतं. भांडायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. आता मी उठवलंय तुम्हाला. अंगणवाडीतल्या पोरांनाही मी यापुढं तशीच सांगणार आहे.

शोभाताईंनी, हे आईचं की तुझं, असं विचारलं नाही. तुमची लेक आहे, तुमचं वाक्य कुठं संपलं ते त्यांना कळलंच असेल. त्यांनी मशिनच्या पाट्यावर कपाळ टेकलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी टाचण्या डबीत टाकल्या, मशिनवर कापड घातलं आणि घरी फोन लावला. "मी गावाकडं चाललेय," म्हणाल्या. पलीकडून काय विचारलं कोण जाणे. "व्हय," म्हणाल्या, "माझ्याच."

वेशीवर उतरलो तेव्हा त्यांचे पाय उचलेनात. मी पुढं झाले नाही, बरोबर थांबले. दुपारची वेळ, दारांतून बायका बघत होत्या. एकीनं डोक्यावरून पदर घेत "आलीस का गं?" म्हटलं, तेवढ्यानं त्या चालायला लागल्या.

थोरले भाऊजी दारातच बसले होते, दावं वळत, पाय आडवे पसरून. त्या पायांवरून ओलांडल्याशिवाय आत जायला वाट नव्हती. मी म्हटलं, "भाऊजी, शोभाताई आल्यात."

त्यांनी वर बघितलं नाही. तुमचाच मुलगा. वळणारे हात मात्र थांबले. शोभाताई माझ्याशेजारी उभ्या होत्या आणि मला वाटलं, आता हे मामंजींचं वाक्य बोलतील, मग मी काय करू. गोठ्यातून आमचे हे बाहेर आले होते आणि तिथंच खिळले होते. भाऊजींच्या हातातलं दावं सुटून उलगडत खाली गेलं.

ये म्हणाले नाहीत. मान खालीच ठेवून त्यांनी आपले पाय हळूच जवळ ओढून घेतले, आधी एक, मग दुसरा.

शोभाताई आत गेल्या. आत तुम्ही नव्हतात.